फौजदाराची तालीम

फौजदार हे नाव धडामरावांनी ठेवलं होतं, आणि ते ठेवताना त्यांनी फक्त कुत्र्याची छाती पाहिली होती. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा, तशातली गत. अंगाने हा वासराएवढा. दारात नुसता उभा राहिला तरी पोस्टमन पत्रं फाटकावरूनच भिरकावून जायचा. पण मैलभर लांब एखादा फटाका फुटला की हा अख्खा देह न्हाणीघरातल्या बादलीमागे मावायचा. कसा मावायचा, ते भूमितीवाल्यांनी सांगावं.

धडामराव हे नावही काही पाळण्यातलं नव्हतं. चाळीस वर्षं ते नाटक कंपनीत आवाजाचं काम करत. विंगेत उभं राहून वीज पाडायची, तोफ डागायची, भुताच्या घराचं दार करकरवायचं, नायिकेचा हात नायकाच्या गालापर्यंत पोचला की बरोबर त्याच क्षणी दोन फळ्या एकमेकींवर आपटायच्या. बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेतली एखादी आजीबाई दचकून शेजाऱ्याच्या अंगावर पडली की त्या दिवशी धडामरावांना जेवण गोड लागे.

त्याच कंपनीत त्यांची बायको प्रॉम्प्टर होती. पडद्याआड वही घेऊन बसायचं आणि नट अडखळला की त्याला पुढचं वाक्य पुरवायचं. असं की त्याला ऐकू जावं, पण पहिल्या रांगेत बसलेल्याला नाही. कंपनी त्यांना कुजबूजबाई म्हणे. या दोघांचं लग्न ठरलं तेव्हा ते किती महिने टिकतं यावर मेकअपच्या खोलीत पैजा लागल्या होत्या. टिकलं. धडामराव दिवसभर बोलत, कुजबूजबाई संध्याकाळी हळूच एक वाक्य बोलत, आणि दुसऱ्या दिवशी सगळं त्या वाक्याप्रमाणे होई.

आता दोघं निवृत्त होऊन एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. खाली घरमालकीणबाई. लग्न केलेलं नाही, कपाटात काचेची भांडी आकाराप्रमाणे लावलेली, आणि जिन्याला पॉलिश.

भानगड झाली ती पलीकडच्या क्लबने कसलासा सामना जिंकल्यामुळे. क्लबने आनंदाच्या भरात भरदुपारी फटाक्यांची माळ लावली. फौजदाराला वरची बादली लांब वाटली असावी. तो जिना उतरून खाली गेला, घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघराचं जाळीचं दार त्याने न उघडता ओलांडलं, वाटेत काचेच्या सहा पेल्यांचा बळी घेतला आणि थेट त्यांच्या न्हाणीघरात शिरून लपला. त्या वेळी घरमालकीणबाई आंघोळ करत होत्या. पुढे काय झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि फौजदारानेही नाही.

संध्याकाळी त्या वर आल्या. केस अजून ओलेच होते.

“भाऊ, दार तुम्ही बसवून द्याल, पेले आणून द्याल, ते मला माहितीये. मी त्यासाठी नाही आले. पाच आठवड्यांनी नव्या स्टेडियमचं उद्घाटन आहे. पेपरात आलंय, अर्धा तास आतषबाजी. स्टेडियम इथून तीन गल्ल्यांवर. त्या दिवशी हा प्राणी जर खाली आला, किंवा वर बसून रडला, किंवा काही फोडलं, तर दुसऱ्या दिवशी एक तर हा जाईल नाहीतर तुम्ही.”

“अहो बाई, मुकं जनावर आहे—”

“मुकं? मुकं असतं तर काय हवं होतं!”

“त्याला शिकवतो मी. पाच आठवडे म्हणजे काय कमी झाले? आम्ही तीन आठवड्यांत पाच अंकी नाटक उभं करत होतो.”

“कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच राहतं, भाऊ.”

“आम्हाला शेपूट सरळ करायचंच नाहीये,” कुजबूजबाई म्हणाल्या. पण ते नेहमीप्रमाणे कुणाला ऐकू गेलं नाही.

धडामराव तावातावाने बोलले खरे, पण त्या रात्री त्यांना झोप लागेना. बारा वर्षांचा होत आला होता फौजदार. या वयाचा, एवढ्या अंगाचा आणि एवढ्याशा काळजाचा कुत्रा दुसरं कोण घेणार? आणि या वयाचं, कुत्र्यासकट, बिऱ्हाड तरी दुसरं कोण ठेवून घेणार?

दुसऱ्या दिवशी ते त्याला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाई वयाने त्यांच्या नातीएवढ्या. फौजदार त्यांच्या टेबलाखाली जाऊन बसला, तर त्याही खाली बसल्या.

“काका, तो नाटक करत नाहीये. खरंच घाबरतोय.”

“नाटक कशाला म्हणतात ते मला नका सांगू,” धडामराव म्हणाले. “उपाय सांगा.”

उपाय सोपा होता, म्हणजे ऐकायला. फटाक्यांचा आवाज आधी इतका बारीक वाजवायचा की कुत्र्याचा फार तर एक कान हलावा. आवाज झाला की लगेच उकडलेल्या कोंबडीचा तुकडा. आधी आवाज, मग तुकडा. उलटं कधीच नाही. रोज दहा मिनिटं. आणि आवाज इतक्या सावकाश वाढवायचा की वाढतोय हे त्याला कळताच कामा नये.

“त्याने तुकडा घ्यायचं थांबवलं की समजा तुम्ही घाई केलीत. लपला तर लपू द्या. रागावू नका. जवळ आला तर हाकलू नका, त्याने काही तो लाडावत नाही. मोठ्या दिवसासाठी मी गोळी देईन, वजन बघून. पण नुसत्या गोळीवर राहू नका.”

“म्हणजे थोडक्यात,” धडामराव म्हणाले, “कुणाच्या लक्षात येणार नाही असा आवाज करायचा.”

“अगदी बरोबर!”

धडामरावांचं तोंड कडू झालं. चाळीस वर्षांत असा अपमान कुणी केला नव्हता.

पहिला आठवडा बरा गेला. मोबाइलवर फटाके बारीक आवाजात वाजत, फौजदार कोंबडी खाई. अडचण फटाक्यांची होती.

“हे काय फटाके आहेत?” धडामराव मोबाइल कानाला लावून म्हणत. “पिशवीत तोंड घालून कुणी खोकतंय असं वाटतं.”

“त्याला चालतंय ना?” कुजबूजबाई म्हणत.

“त्याला काय कळतं? उद्या खरा आवाज आला की हा म्हणेल, ही कुठली भानगड, हे तर आपण केलंच नव्हतं! तालमीत लाकडी तलवार दिली आणि प्रयोगाला खरी, तर नट मरेल की नाही?”

नवव्या दिवशी त्यांनी पलंगाखालून वीज गडगडवायचा पत्रा काढला. माणसाच्या उंचीचा, पातळ, वरच्या टोकाला दोन भोकं पाडून दोरी ओवलेली. या पत्र्याने एके काळी सहाशे माणसांना एकदम खुर्चीतून उठवलं होतं. तो त्यांनी घराच्या मधल्या बोळात खुंटीला टांगला आणि बोटाच्या पेराने हलवला. फौजदाराने कोंबडी खाल्ली. पुन्हा हलवला. फौजदाराने पुन्हा खाल्ली. खालून काही नाही, शेजारून काही नाही. कुजबूजबाई भाजी चिरत होत्या, त्यांनीही मान वर केली नाही.

दोन दिवस हे असंच चाललं. लोक म्हणतील शिकवणी छान चालली होती. धडामरावांना मात्र वाटायला लागलं की आपण मेलोय आणि कुणी सांगायचं विसरलंय.

अकराव्या दिवशी कुजबूजबाई बाजारात गेल्या. धडामराव पत्र्यासमोर उभे राहिले. फौजदार पत्र्याकडे पाठ करून त्यांच्या खिशाकडे बघत होता. खिशाकडे! चाळीस वर्षांची कला मागे टांगलेली आणि हा खिशाकडे बघतो! एकदाच, त्यांनी मनाशी म्हटलं. एकदाच नीट वाजवू. कान तरी टवकारेल.

आणि त्यांनी दोन्ही हातांनी पत्रा धरून शेवटच्या अंकातला किल्ला पाडला.

आवाज उत्तम झाला. हे धडामरावांनी नंतरही कधी नाकारलं नाही. फौजदार जागच्या जागी हातभर उडाला, खाली आला तेव्हा पळतच होता. जाता जाता दिवाणखान्यातला पडदा दांडीसकट सोबत नेला, आणि पडद्यात गुंडाळलेला तो न्हाणीघरात बादलीमागे शिरला. तिथे धडामरावांच्या चपला होत्या. त्यात तो मुतला.

घरमालकीणबाईंनी खालून छताला झाडूचा दांडा ठोकला. कुजबूजबाई बाजारातून आल्या, बोळातला पत्रा पाहिला, दांडी पाहिली, चपला पाहिल्या, आणि काहीच बोलल्या नाहीत. ते न बोलणं मात्र तीन घरांपर्यंत ऐकू गेलं.

त्या दिवसापासून फौजदार धडामरावांच्या हातून काही घेईना. कोंबडी पुढे केली की भिंतीच्या कडेकडेने, पोट खाली घालून, त्यांना वळसा घालून जाई. त्यांनी नुसता खिशात हात घातला तरी निघून जाई. रात्री पलंगाखाली झोपायचा, तो आता कुजबूजबाईंच्या बाजूने झोपू लागला.

“शून्यापासून सुरू करावं लागणार, काका,” डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या. “खरं तर शून्याच्या जरा खालपासून.”

चार दिवस धडामरावांनी पत्र्याला हात लावला नाही. पाचव्या दिवशी ते कुजबूजबाईंसमोर येऊन बसले.

“तू घे हे काम. मला जमणार नाही. मला लोकांना दचकवता येतं, दुसरं काही येत नाही.”

“मला आवाज कुठे करता येतो? आवाज तुम्हीच करायचा. तुकडा मी देईन.”

“तो माझी सावली बघून पळतो, अगं.”

“म्हणून सावली दाखवायची नाही. तुम्ही आतल्या खोलीत, दार लोटून. मी बोट वर केलं की वाजवायचं.”

“पण किती वाजवायचं? मला कळतच नाही किती कमी ते. मलाच ऐकू येईनासं होतं.”

“तुम्हाला ऐकू आलं म्हणजे जास्त झालं,” कुजबूजबाई म्हणाल्या. “तोफा उडवून उडवून कान गेलेत तुमचे. मापाला माझे कान घ्या.”

अशी धडामरावांची उमेदवारी वयाच्या बहात्तराव्या वर्षी सुरू झाली. पत्रा रजईत गुंडाळला. हातात लोकरीचा मोजा चढवला. दाराच्या फटीतून त्यांना कुजबूजबाईंचं फक्त एक बोट दिसे. बोट वर गेलं की ते रजईला गोंजारत.

“मोठा,” पलीकडून कुजबूज येई.

“अगं, मी हातसुद्धा लावला नाही अजून!”

“मग श्वास मोठा आहे. पुन्हा.”

किंवा:

“आता कसा होता?”

“कळला.”

“म्हणजे चांगला ना?”

“कळला म्हणजे वाईट. चाळीस वर्षं मी काय केलं असं वाटतं तुम्हाला? तो मोठा नट, ज्याला अख्खं गाव डोक्यावर घेत होतं, त्याला तिसऱ्या अंकातलं एक वाक्य कधी पाठ नव्हतं. कुणाला कळलं का? तुम्हाला तरी कळलं?”

 धडामराव विंगेत दहा पावलांवर उभे असत. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

त्यानंतर ते मुकाट्याने शिकले. नव्या तालमीच्या आठव्या दिवशी रजई निघाली. मोजा अकराव्या. दार एक वीत उघडलं, मग दोन. एका संध्याकाळी पत्र्याचा चांगला घरघरता आवाज झाला आणि फौजदाराने तोंड फाडून जांभई दिली. धडामरावांनी हाय खाल्ली. जांभई! पण डॉक्टरीणबाईंना विचारल्यावर त्या म्हणाल्या की कुत्रा मनातून अस्वस्थ असला की जांभया देतो, तेव्हा आवाजाच्या दोन पायऱ्या खाली या.

“म्हणजे परिणाम झाला होता!” धडामराव उजळून म्हणाले. कुजबूजबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते उठून दोन पायऱ्या खाली गेले.

उद्घाटनाला चार दिवस राहिले तेव्हा फौजदार उघड्या दारातून धडामरावांना पत्रा हलवताना पाहत होता आणि तुकडा खात होता. कुजबूजबाईंच्या हातून. धडामरावांच्या हातून अजून नाही.

उद्घाटनाच्या दिवशी दुपारी कुजबूजबाईंनी त्याला नदीपर्यंत नेऊन इतकं चालवलं की त्याची जीभ गुडघ्याला लागली. गळपट्ट्यावर फोननंबर शिवला. डॉक्टरीणबाईंची गोळी वेळेवर दिली. मधल्या बोळाला खिडकी नव्हती, तिथे घरातल्या सगळ्या रजया, गाद्या आणि पडदे नेऊन टाकले, पंखा लावला. साडेसहाला आतषबाजी. सहा वाजता जिना वाजला.

घरमालकीणबाई होत्या. हातात छत्री.

“मी इथे बसणार,” त्या म्हणाल्या. “खाली बसून वाट बघण्यापेक्षा इथे बसलेलं बरं. निदान आंघोळ तरी करत नसेन.”

त्यांनी बोळाच्या तोंडाशी स्टूल ओढलं आणि छत्री मांडीवर आडवी धरून बसल्या.

पहिला बार झाला. फौजदार थरथरला, कुजबूजबाईंकडे वळला, तुकडा घेतला. दुसरा. घेतला. घरमालकीणबाईंची भुवई थोडी वर गेली. दहा मिनिटं हे ठीक चाललं, आणि मग स्टेडियमवाल्यांनी एकदम सगळं पेटवलं असावं. भिंती हादरल्या. फौजदाराने तोंडातला तुकडा खाली टाकला. रजयांमध्ये डोकं खुपसलं. घशातून एक बारीक सूर निघू लागला, सुईतून दोरा निघावा तसा. रडणं अजून नव्हतं, पण रडण्याच्या आधीचं ते होतंच. घरमालकीणबाईंनी छत्री सरळ धरली.

कुजबूजबाईंनी पायाने एक पेटी धडामरावांकडे सरकवली.

ती पावसाची पेटी होती. लांब, अरुंद, आत आडवेतिडवे खिळे आणि वाळलेले वाटाणे. कलती केली की वाटाणे खिळ्यांवरून घरंगळतात, पाऊस पडतो. धडामरावांनी ती कधी मनापासून हाताळली नव्हती. पाऊस हा त्यांच्या मते आवाजच नव्हता. पाऊस नवशिक्यांना देत. पावसाला कुणी टाळी दिल्याचं कधी ऐकलंय?

त्यांनी पेटी उचलली आणि कलती केली. मग दुसऱ्या बाजूला. मग पुन्हा. कुजबूजबाईंचं बोट हवेत होतं, ते हळूहळू खाली येत होतं: आणखी सावकाश, आणखी मऊ. बाहेर बार होत होते, पण त्यांच्या कडा आता पावसात भिजून बोथट येत होत्या. धडामरावांचे दंड भरून आले, खांद्यातून कळ गेली. बहात्तराव्या वर्षी वीस मिनिटं पाऊस पाडणं सोपं नसतं. त्यांनी पेटी थांबवली नाही. बारीक सूर तुटला, पुन्हा लागला, पुन्हा तुटला. रजईतून नाक बाहेर आलं. नाकाने खाली पडलेला तुकडा शोधला.

शेवटचा मोठा बार होऊन सगळं थांबलं तेव्हा कोंबडीची वाटी रिकामी होती, धडामरावांचा सदरा घामाने अंगाला चिकटला होता, आणि फौजदार थरथरत का होईना, पण रजईवर बसला होता. धडामरावांनी पेटी खाली ठेवली.

घरमालकीणबाई उठल्या. “मला वाटलं बाहेर पाऊसच आला. मनात म्हटलं, बरं झालं, मेल्यांची दारू भिजेल.” मग त्यांना आपण कशाला आलो होतो ते आठवलं असावं. त्यांनी चेहरा घट्ट केला. “ठीक आहे. आज तरी काही झालं नाही.” आणि त्यांनी जिन्याचं दार उघडलं.

तेव्हाच, कुणाच्या तरी हातात राहून गेलेला एकच बार अगदी गल्लीच्या तोंडाशी फुटला.

पेटी खाली होती. वाटी रिकामी होती. दार सताड उघडं होतं आणि दाराच्या पलीकडे पॉलिश केलेला जिना. फौजदार ताडकन उठला, कान मागे, शेपूट पोटाखाली. घरमालकीणबाई भिंतीला चिकटल्या. कुजबूजबाईंचं बोट वर गेलं, पण कुणासाठी ते त्यांनाही कळलं नसावं.

फौजदाराने दाराकडे पाहिलं. मग वळून तो धडामरावांपाशी आला आणि त्यांच्या खिशात नाक खुपसलं.

धडामराव हललेच नाहीत. तीन आठवडे ज्या खिशाला वळसा घालून तो जात होता, त्या खिशात तो आता नाकाने खणत होता. खिसा रिकामा होता. त्यांनी दुसरा चाचपला. त्यात चष्म्याचं घर. फौजदाराने चष्म्याचं घर हुंगलं, मान वर करून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि एकदाच, मोठ्याने, भुंकला.

“भुंकला,” घरमालकीणबाई म्हणाल्या.

“भुंकला नाही हो,” धडामराव म्हणाले. त्यांचा आवाज भलताच बारीक झाला होता. “मागतोय. बार झाला ना. बार झाला की मी... की आम्ही देतो.”

“मग द्या ना!”

“संपलं.”

“संपलं म्हणजे? अहो, एवढा अर्धा तास त्याने धीर धरला, आणि तुम्ही मोजून आणलं होतं? कमाल झाली तुमची! असं आशेला लावून ठेवतात का कुणाला?” घरमालकीणबाईंनी छत्री स्टुलावर टाकली आणि जिना उतरू लागल्या. अर्ध्या जिन्यावरून त्यांनी वर ओरडून विचारलं, “चीज खातो का तो?”

धडामरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण फौजदार त्यांच्या आधीच खाली निघाला होता.